चिकण माती, गोठणारी जमीन आणि पुढे झुकलेली रिटेनिंग वॉल: नवी कशी बांधावी?

उतारावरची

आमच्या घरामागच्या अंगणाला उतार आहे. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत 12 मीटरमध्ये जमीन 1.8 मीटर खाली जाते. मध्ये माती अडवून धरणारी एक जुनी दगडी भिंत (रिटेनिंग वॉल) आहे. सिमेंटमध्ये बांधलेली, 1.4 मीटर उंच, 14 मीटर लांब. आम्ही राहायला आलो तेव्हाच ती थोडी कललेली होती, आता मधोमध चक्क पोट आलंय. परवा माथ्यावरून ओळंबा सोडून पाहिला तर माथा पायापेक्षा 9 सेंमी बाहेर. दगडांच्या सांध्यांतून तिरकी चीर वर गेली आहे आणि हिवाळ्यात त्याच चिरेतून बर्फ बाहेर येऊन लोंबतो.

माती शुद्ध चिकण. ओली असताना फावड्याला चिकटून बसते, उन्हाळ्यात वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. इथल्या बांधकाम नियमांत जमीन गोठण्याची खोली 1.2 मीटर धरली आहे.

एका कंत्राटदाराने पाहून सांगितलं, "भिंत बारीक आहे म्हणून झुकली. काँक्रीटची जाड भिंत घाला, विषय संपला." पाण्याचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "दोन-चार वीप होल ठेवू," म्हणजे पाणी निघायला भिंतीत भोकं. एवढ्यावर विसंबून मोठा खर्च करायला मन धजत नाही.

आम्हाला घराला लागून 4 मीटर सपाट जागा हवी आहे, मुलांना खेळायला. आणि खाली कुंपणाजवळ 4 मीटर सपाट, वाफ्यांसाठी. मधल्या 4 मीटरमध्ये काय करायचं ते करायला मोकळीक आहे.

काँक्रीट की सुटे ब्लॉक? पाया खरंच 1.2 मीटर खाली न्यावा लागतो का? जुने दगड परत वापरता येतील का?

हिरवा_काठ

भिंतीचा विचार करण्याआधी थोडं गणित करून बघा. 1.8 मीटरचा फरक 12 मीटरमध्ये म्हणजे साधारण 1:6.7. नुसता सलग उतार ठेवला तर भिंतीची गरजच नाही, गवत लावा आणि सोडून द्या. अडचण तुमच्या दोन सपाट जागांमुळे येते. मधल्या 4 मीटरमध्ये सगळी उंची उतरवायची तर उतार 1:2.2 होतो. चिकण मातीत तो माझ्या मते फार उभा, ओली झाली की घसरेल. 1:3 पर्यंत मी निश्चिंत असते, तेवढ्यावर गवतही कापता येतं.

म्हणजे भिंत हवीच, पण 1.8 मीटरची नको. अर्धी उंची उताराने उतरवा, अर्धी भिंतीने.

खडीवाला

हिरवा_काठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी भिंतींच्याच कामात आहे आणि त्यातलं बरंचसं काम झुकलेल्या भिंती उकरून पुन्हा बांधण्याचं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी: त्या भिंतीच्या पायथ्याशी मुलांना खेळू देऊ नका. 1.4 मीटर उंचीत 9 सेंमी बाहेर, शिवाय पोट आलेलं. अशी भिंत बर्फ वितळायच्या दिवसांत पूर्वसूचना न देता बसते. आजच दोरी बांधून तेवढी जागा बंद करा.

आता "भिंत बारीक आहे" या म्हणण्याबद्दल. भिंतीमागे पाणी साठून माथ्यापर्यंत आलं, तर 1.4 मीटर उंचीवर दर मीटर लांबीमागे 9.6 किलोन्यूटन जोर नुसत्या पाण्याचा येतो. म्हणजे जवळपास एक टन. 14 मीटर भिंतीवर जवळपास चौदा टन, आणि मातीचा दाब यात धरलेलाच नाही. हा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो: उंची दुप्पट झाली की जोर चौपट. जाडी वाढवून या पाण्याशी झुंजता येतं, पण ते फार महाग पडतं. तेच पाणी बाहेर काढायला एक पाइप आणि खडी पुरते. वीप होल असावेत, पण त्यांच्यामागे थेट चिकण माती असेल तर ते पहिल्या पावसाळी मोसमातच लिंपले जातात. मी उघडलेल्या कितीतरी भिंतींत वीप होलच्या तोंडाशी मातीचं बूच घट्ट बसलेलं होतं.

पण तुमची भिंत केवळ पाण्याच्या दाबाने झुकलेली दिसत नाही. चिरेतून बर्फ लोंबतो असं लिहिलंय, तिथे खरं कारण आहे. पाणी गोठताना 9 टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि लोक तिथेच थांबतात. 9 टक्क्यांनी एवढी हालचाल होत नाही. स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1929-30 च्या सुमारास दाखवून दिलं की जमीन फुगते ती मुख्यतः खालून नवं पाणी ओढलं जातं म्हणून. त्याने पाण्याऐवजी बेंझिन वापरून प्रयोग केला. बेंझिन गोठताना आकुंचन पावतं, तरीही माती फुगली! गोठण्याची सीमा जिथे असते तिथे ओल्या, न गोठलेल्या मातीतून पाणी शोषलं जातं आणि बर्फाचे थर वाढत जातात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कडक थंडीत भिंतीमागच्या गोठलेल्या चिकण मातीचं एक ढेकूळ कुदळीने फोडा. आत स्वच्छ बर्फाचे पापुद्रे दिसतात, काही कागदाइतके पातळ, काही बोटभर जाड, मधेमधे कोरडी वाटावी इतकी घट्ट माती, कारण तिच्यातलंच पाणी पापुद्र्यांनी ओढून घेतलेलं असतं. उघड्या मैदानात हे पापुद्रे आडवे असतात, कारण थंडी वरून येते. भिंतीमागे मात्र थंडी भिंतीच्या दर्शनी बाजूनेही आत शिरते, त्यामुळे ते भिंतीला समांतर, उभे तयार होतात. आणि पापुद्रा ज्या दिशेला वाढतो त्या दिशेला ढकलतो, म्हणजे भिंतीला सरळ बाहेर. वसंतात बर्फ वितळतो, भिंत काही मागे येत नाही, मधल्या फटीत सैल झालेला चिखल भरतो आणि पुढच्या हिवाळ्यात ढकलणं तिथूनच पुढे सुरू होतं. तुमचे 9 सेंमी असे साठत आलेले असावेत. तिथे जाड काँक्रीट घातलं आणि मागे तीच ओली चिकण माती भरली, तर तीही ढकलली जाईल किंवा तडकेल.

असं फुगायला तीन गोष्टी एकत्र लागतात: पाणी ओढणारी बारीक कणांची माती, पाणी आणि गोठवणारी थंडी. थंडी आपल्या हातात नाही. भिंतीमागे निदान 30 सेंमी रुंदीची स्वच्छ खडी भरली की त्या पट्ट्यात मातीही नाही आणि पाणीही नाही. खडीतल्या पोकळ्या मोठ्या असतात, त्यांतून पाणी वर ओढलं जात नाही, खाली गळून जातं. एवढी थंडी असेल तर मी 30 वर थांबत नाही, 45-60 सेंमी करतो. खडी 20 मिमीच्या आसपासची, धुतलेली, भुकटीविना. क्रशरचा भुकटीसकट माल पाया ठोकायला एरवी उत्तम, पण भिंतीमागे अजिबात नको. खडी आणि चिकण माती यांच्यामध्ये न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, नाहीतर माती हळूहळू खडीत उतरते.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे: भिंतीची आखणी पाइपच्या तोंडापासून सुरू करा. भिंतीमागचं पाणी शेवटी कुठे उघड्यावर पडणार, ती जागा आधी शोधा, तिची पातळी घ्या, आणि मग मागे येत येत भिंतीचा पाया किती खोल जाऊ शकतो ते ठरवा. लोक ब्लॉकचा रंग आधी निवडतात आणि पाइप शेवटी कुठेतरी मातीत सोडून देतात. चिकण मातीत शोषखड्डा करून भागत नाही, तो भरला की भरलेलाच राहतो. त्यामुळे पाणी स्वतःच्या ढाळाने बाहेर पडायलाच हवं. दर मीटरला निदान 1 सेंमी ढाळ, जमलं तर 2.

तुमच्या जागेसाठी मी असं करेन: वर 4 मीटर सपाट, मग 1:3 चा उतार (90 सेंमी उतरायला 2.7 मीटर), त्याच्या पायथ्याशी मीटरभर जागेत एक उथळ चर, मग 90 सेंमीची भिंत, मग खाली 4 मीटर सपाट. भिंतीची जाडी 30 सेंमी धरून बेरीज बरोबर 12 मीटर. उतारावरून येणारं पाणी त्या चरातून बाजूने निघून जाईल, भिंतीमागे जाणार नाही. चर आणि खडीच्या माथ्यावर 20-30 सेंमी चिकण मातीचा थर ठोकून द्या. हीच एक जागा आहे जिथे तुमची माती उपयोगाची आहे: वरून पाणी आत जाऊ देत नाही.

90-90 सेंमीच्या दोन भिंतीही चालल्या असत्या, पण मग त्यांच्यात खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे 1.8 मीटर अंतर हवं, नाहीतर वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीवर येतो. शिवाय पाइप दोन, खोदाई दोन. मला एकच बरी वाटते.

भिंत सुट्या ब्लॉकची घ्या. पायाबद्दल तुम्ही ऐकलं ते काँक्रीट आणि सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतींसाठी खरं आहे: त्या ताठ असतात, पाया एका बाजूने उचलला की तडकतात, म्हणून त्यांचा पाया गोठण्याच्या खोलीखाली जातो. कोरड्या रचलेल्या ब्लॉकची भिंत खडीच्या पायावर किंचित हलली तरी तुटत नाही. तिला 1.2 मीटर खोदावं लागत नाही. पहिला थर निदान 15 सेंमी जमिनीत पुरायचा आणि त्याखाली ठोकलेल्या खडीचा पाया, नेहमी 15 सेंमी असतो, मी अशा मातीत 30 धरतो. मात्र चिकण मातीत खणलेला पायाचा चर म्हणजे पाण्याची टाकीच. म्हणून तिथे खडी स्वच्छ घ्या आणि पाइपचा तळ पायाच्या तळाला मिळवा, म्हणजे पायाखालचं पाणीही त्याच वाटेने जाईल.

उतारावरची

इतकं नीट समजावलंत, मनापासून आभार. दोरी आजच बांधली.

पाइपच्या तोंडापासून सुरू करायचं म्हणून आज पाण्याची पारदर्शक नळी धरून आम्ही दोघांनी पातळ्या घेतल्या. कुंपणाच्या उजव्या कोपऱ्याबाहेर रस्त्याकडेचा उघडा नाला आहे, त्याचा तळ आमच्या खालच्या सपाट जागेपेक्षा 70 सेंमी खाली येतो. भिंतीच्या उजव्या टोकापासून तिथपर्यंत 6 मीटर. बाकी कुठेही एवढी खाली जागा नाही. पुरेल का?

आणि हिवाळ्यात पाइपच गोठला तर?

खडीवाला

तुम्ही पातळ्या घेतल्यात हे वाचून फार बरं वाटलं. हिशेब असा: पुरलेला थर 15, खडीचा पाया 30, म्हणजे पाइप 45 सेंमीवर सुरू. भिंत 14 अधिक पुढचे 6, असे 20 मीटर. 1 टक्का ढाळाने 20 सेंमी. एकूण 65. नाल्याच्या तळापासून फक्त 5 सेंमी वर तोंड आलं. हे फारच खाली, गाळ किंवा बर्फ साचला की बुजेल. पाया 30 ऐवजी 20 सेंमी करा, म्हणजे तोंड तळापासून 15 सेंमी वर येईल. 2 टक्के ढाळ इथे बसत नाही, म्हणून 1 टक्का काटेकोर पाळा. प्रत्येक मीटरला पाणसळ लावा, अंदाजाने नको. सार्वजनिक नाल्यात पाणी सोडायचं तर स्थानिक कार्यालयाला आधी विचारा.

पाइप गोठण्याबद्दल: पाणी वाहून गेलेला रिकामा पाइप गोठत नाही. पाणी थांबतं ते झोळ पडलेल्या जागी. म्हणून लवचीक नालीदार पाइपपेक्षा आतून गुळगुळीत, ताठ 100 मिमीचा पाइप घ्या. भिंतीमागे भोकांचा, भोकं खाली करून. भिंत संपली की पुढचे 6 मीटर बिनभोकांचा. तोंडाला जाळी, उंदीर आत घर करतात. आणि डाव्या, उंच टोकाला पाइप वर काढून झाकण लावून ठेवा, पुढे कधी धुवायची वेळ आली तर नळी घालता येते.

घराच्या छपराच्या पन्हळीचं पाणी सध्या कुठे जातं? ते या पाइपला जोडू नका. त्याला वेगळा पाइप हवा, नाहीतर जोराच्या पावसात तेच पाणी भोकांतून भिंतीमागे भरेल.

ब्लॉक_आणि_बर्फ

ब्लॉक घेताना एक गोष्ट नक्की विचारा: गोठण्या-वितळण्याच्या चाचणीत तो उतरलाय का. रिटेनिंग वॉलच्या ब्लॉकसाठी एएसटीएम सी 1372 हे अमेरिकन मानक आहे. आमच्या जुन्या भिंतीचे वरचे दोन थर पापुद्रे सुटून झडले, खालचे मात्र शाबूत. वरून जाणाऱ्या पायवाटेवर आम्ही बर्फ वितळवायला मीठ टाकायचो, खारं पाणी नेमकं त्या थरांवर उतरायचं. आता तिथे फक्त वाळू टाकतो. आणि अंगणातला बर्फ ओढून भिंतीच्या माथ्यामागे ढीग करायचा नाही, तो वितळला की सगळं पाणी तिथेच.

लाकडी ओंडक्यांच्या भिंतीचा विचार मनात असेल तर: वाफ्यांजवळ जुने रेल्वे स्लीपर नकोत, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल असतं.

हिरवा_काठ

जुन्या दगडांचं कोणी सांगितलं नाही. 90 सेंमी उंचीसाठी कोरड्या रचाईची दगडी भिंत हा माझा आवडता पर्याय आहे, आणि दगड तुमच्याकडे आहेतच. सिमेंट छिन्नीने झाडून काढावं लागेल, कष्टाचं काम आहे. तळाशी भिंत उंचीच्या निम्म्याहून जाड, म्हणजे 45-50 सेंमी, दर्शनी बाजू मागे कललेली, आणि अधूनमधून लांब दगड आडवे आत घुसवलेले. मागची खडी, कापड, पाइप हे सगळं तसंच. फुटक्या सिमेंटचे तुकडे खडीत मिसळू नका, त्यांची भुकटी होत राहते.

उतारावरची

दगड झाडायला घरातले हात आहेत, पण रचाईचा अनुभव कोणालाच नाही. त्यामुळे भिंत ब्लॉकची आणि जुने दगड वाफ्यांच्या कडेला, असं ठरतंय. जिओग्रिड, म्हणजे भिंतीमागच्या भरावात आडवी अंथरायची जाळी, 90 सेंमीला लागतं का? आणि जुनी भिंत पाडायची कधी, हिवाळ्याआधी उरकून घेऊ का?

खडीवाला

योग्य निर्णय.

चांगल्या मातीत आणि वर सपाट असताना 90 सेंमी भिंत ब्लॉकच्या वजनावर उभी राहते. तुमच्याकडे चिकण माती आणि वर उतार, दोन्ही आहे. तेव्हा जिओग्रिड लागेल असंच धरून चला. त्याची आतली लांबी उंचीच्या निदान 60 टक्के हा नेहमीचा किमान आकडा आहे; वर उतार असला की वाढते. किती थर, किती लांब हे एकदा इंजिनिअरकडून काढून घ्या आणि वरचा उतार त्यांना आवर्जून सांगा. परवान्याचंही तेच. बऱ्याच ठिकाणी पायाच्या तळापासून 1.2 मीटरपर्यंतच्या भिंतीला परवाना लागत नाही, पण मागच्या मातीवर जास्तीचा भार असेल तर ही सवलत उरत नाही.

पाडायचं काम जमीन कोरडी असताना करा, आणि जेवढं बांधून होईल तेवढंच उघडा. चिकण मातीचा उभा कापलेला काठ पहिल्या दिवशी इतका ठाम उभा राहतो की माणूस बेफिकीरपणे खाली उतरतो. मग पाणी आत मुरतं आणि तो अचानक कोसळतो. म्हणून वरून खाली दगड काढत या आणि मागची माती निदान 1:1 उतारात कापून घ्या. खणण्याआधी जमिनीखालून गॅस, वीज, पाण्याच्या लाइन कुठून गेल्या आहेत ते खुणा करून घ्या.

हिवाळा तोंडावर असेल तर घाई नको. गोठलेली ढेकळं भरावात गेली की वसंतात वितळून भराव खचतो, वर कितीही धुमस मारा. खडीच्या मागे भराव 15-20 सेंमीच्या थरांत दाबायचा. माती मुठीत दाबून पाहा: गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. भिंतीच्या पाठीपासून मीटरभर जागेत जड यंत्र आणू नका, तिथे हाताने ढकलायचा छोटा प्लेट कॉम्पॅक्टर चालतो, नाहीतर ताजी भिंत तिथल्या तिथे पुढे सरकते.

यंदा एवढं करा: भिंतीचा सगळ्यात जास्त झुकलेला वरचा भाग उतरवून घ्या, मागची माती उताराने सोडा, वर ताडपत्री घाला आणि नाल्यापर्यंतचे बिनभोकांचे 6 मीटर पाइप आत्ताच पुरून टाका. वसंतात जमीन पूर्ण वितळून निथळली की भिंत घ्या. आणि तेव्हा पाइपवर खडीचा पहिला थर पडला की तिथेच थांबून डाव्या टोकाला बागेची नळी सोडा. नाल्यापाशी पाणी स्वच्छ आणि सलग येताना दिसल्याशिवाय पुढचा ब्लॉक उचलू नका.